तळ्यात की मळ्यात

दिवाळीच्या आधी आमच्या घरात जी झाडलोट चालते, तिच्यात शेवटचा मान परसातल्या हौदाचा असतो. माळ्यावरची भांडी खाली येऊन, चिंचेने घासली जाऊन पुन्हा वर गेली, कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटे निघाली, देवघराला रंग लागला, की सौभाग्यवती पदर खोचून परसदारी उभ्या राहतात आणि म्हणतात, "अहो, आता तेवढा हौद!"

हा हौद दगडी आहे. माझ्या आजोबांच्या वेळी विहिरीवर मोट होती. मोटेचे पाणी आधी ह्या हौदात पडे आणि तिथून पाटाने मळ्यात जाई. मोट गेली, तेलाचे इंजिन आले. इंजिन गेले, विजेचा पंप आला. पाणी नळीतून परस्पर पिकाच्या मुळाशी जाऊ लागले. हौदाला काही काम उरले नाही. पण जुन्या घरात बिनकामाच्या वस्तूला जसे कोणी हात धरून बाहेर काढीत नाही, तसा तोही राहिला. त्याच्या काठावर बसले म्हणजे समोर शिवनेरी दिसतो. मास्तरकीतून मोकळा झाल्यापासून माझ्या सकाळच्या चहाची जागा तीच आहे. हौद बिनकामाचा आणि मीही बिनकामाचा, त्यामुळे आमचे बरे जमते.

गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून चार दिवस आधीच आला होता. तो दुसरीत आहे. आल्याआल्या तो हौदाच्या काठावर पालथा पडला, नाक पाण्याला टेकेल इतका वाकला आणि थोड्या वेळाने ओरडला, "आजोबा, ह्यांना अजून पायच नाहीत!"

मी जाऊन पाहिले. शेवाळाच्या कडेकडेने पंधरावीस बेडूकमासे होते. मराठी विश्वकोशात ह्या पोराचे नाव 'भैकेर' असे भारदस्त आहे; मुलांच्या पुस्तकात तो बेडूकमासाच असतो, आणि मला ते नाव अधिक आवडते. चांगले टपोरे, मातकट रंगाचे, अंगापेक्षा शेपूट मोठे. हात पाण्याशी नेला की झर्रकन खाली जात आणि तळाच्या गाळात दिसेनासे होत.

"पुस्तकात पावसाळ्यात अंडी असतात," नातू म्हणाला, "मग मासा, मग पाय, मग बेडूक. आता तर दिवाळी आली. आजोबा, हे मागे पडलेत का?"

ओसरीवर सूनबाई करंज्यांचे सारण निवडीत होत्या. त्यांचा हात थांबला. 'मागे पडलेत' हा शब्द नातवाचा नव्हता. त्याच्या प्रगतिपुस्तकात तो नुकताच आला होता. मुलगा वाचताना अडखळतो, अक्षर लावतो, इतर मुले पुढे गेली, हा मागे पडतो आहे. त्यावर उपाय म्हणून संध्याकाळच्या दोन शिकवण्या लागल्या होत्या, आणि दिवाळीच्या सुटीत रोज दहा पाने वाचून घेण्याचे काम माझ्याकडे आले होते. पोर ते शब्द कोणासमोर उच्चारीत नसे. हौदातल्या माशांच्या निमित्ताने त्याने ते उच्चारले.

मला उत्तर सुचले नाही. जन्मभर मीही तेच शब्द लिहीत आलो होतो. किती मुलांच्या पुस्तकांवर, कोण जाणे. लाल शाईने, वळणदार अक्षरात.

तेवढ्यात सौभाग्यवती घमेले आणि खराटा घेऊन आल्या. हौद उपसायचा हे ऐकताच नातवाने विचारले, "मग हे कुठे जाणार?"

"जातील ओढ्यात."

ओढ्याला त्या दिवसांत पाण्यापेक्षा दगड जास्त असतात, हे आम्हां तिघांनाही माहीत होते. नातवाने काही हट्ट केला नाही. तो हळूच म्हणाला, "त्यापेक्षा आपण त्यांना बरणीत घालून घरात ठेवू. रात्री बाहेर थंडी असते."

हे ऐकले आणि माझ्या पोटात काहीतरी हलले. कारण तीच बरणी मी साठ वर्षांपूर्वी भरली होती.

मी तेव्हा असाच सातआठ वर्षांचा. जुन्नरची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको. गाव सुमारे ७०० मीटर उंचीवर, तिन्ही बाजूंना डोंगर. दिवाळी उलटली की पहाटे कुकडीच्या पात्रावर धुके बसते आणि विहिरीतून वाफ निघताना दिसते. अशाच एका संध्याकाळी मला ह्याच हौदातल्या बेडूकमाशांची दया आली. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत दहाबारा मासे धरून मी ती चुलीच्या वैलाशेजारी नेऊन ठेवली. वर भाताची शितेही टाकली. पाहुण्यांना उपाशी कसे ठेवायचे? सकाळी उठून पाहतो तो सगळे वर तरंगत होते, पोट आभाळाकडे करून.

आई रागावली नाही. ती बरणी घेऊन परसात गेली, कण्हेरीच्या बुंध्याशी तिने ती ओतली आणि एवढेच म्हणाली, "अरे, त्यांना थंडी वाजत नव्हती. तुला वाजत होती."

माझ्या आईचे माहेर आंबेगाव. ज्याचे नाव तालुक्याला आहे ते मूळ आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. गंमत अशी, की शास्त्राच्या मराठीत अंड्यातून निघालेल्या आणि अजून पुरते रूप न आलेल्या पिल्लाला 'डिंभ' असेच म्हणतात. बेडूकमासा हा बेडकाचा डिंभ. धरणाच्या गावाचे नाव त्यावरून पडले असे माझे म्हणणे नाही; पण आईचे वाक्य आठवले की मला ते सारे पाणी आठवते, आणि त्याखाली काय काय असेल ते मनात येते.

आईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, पण ती म्हणाली ते शास्त्राला धरून होते. हे मला फार उशिरा, मुलांना शिकवता शिकवता कळले. आपल्या शरीरात एक शेगडी सतत पेटलेली असते. बाहेर कितीही गारठा असो, आत सदतीस अंश राखायचे म्हणून आपण खातो, पांघरतो, कुडकुडतो. बेडकाच्या अंगात ही शेगडी नाही. पाणी जेवढे गार, तेवढे त्याचे अंग गार. त्यामुळे थंडी आली की त्याला तिच्याशी झुंजावे लागत नाही. तो आपला कारभार आवरता घेतो. साधारण दहा अंश उष्णता उतरली की त्याच्या शरीराचा खर्च निम्म्यावर येतो, कधी त्याहूनही खाली. भूक मंदावते, हालचाल मंदावते, हृदय सावकाश चालते, वाढ जवळजवळ थांबते.

आणि निसर्गाची सोय पाहा. पाणी जसे गार होते तसा त्यात प्राणवायू जास्त मावतो. तीस अंशांच्या एक लिटर पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. शून्य अंशाला साडेचौदाच्या वर. म्हणजे ज्या दिवसांत गरज कमी, त्याच दिवसांत पुरवठा दुप्पट! बेडूकमासा कल्ल्यांनी आणि कातडीने श्वास घेतो. मोठा बेडूकही गार पाण्यात तळाशी बसला असता नुसत्या ओल्या कातडीवर निभावून नेतो. मी बरणी चुलीजवळ ठेवली तेव्हा दोन्ही बाजूंनी घात केला होता. ऊब मिळताच माशांना श्वास जास्त हवा झाला, आणि त्याच उबेने पाण्यातला प्राणवायू उडाला. उरला होता तो भाताची शिते नासण्यात गेला. माझ्या दयेने ते गुदमरले.

हे सगळे मी नातवाला हौदाच्या काठी बसून सांगितले. त्याला पुरावा हवा होता. त्याने घरातला ताप पाहण्याचा थर्मामीटर आणून हौदात बुडवला. त्याचा आकडा पस्तिसाच्या खाली उतरतच नाही, त्यामुळे हौदाला ताप नाही एवढेच सिद्ध झाले. मग आम्ही शेजारच्या द्राक्षबागायतदाराकडून त्यांचा थर्मामीटर मागून आणला. द्राक्षवाल्यांना थंडीचा हिशेब ठेवावाच लागतो. गारठा वाढला की मण्यांची फुगवण अडते, म्हणून ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचे पाणी सोडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे कानटोप्या घालून आम्ही आजोबा-नातू हौदावर गेलो. हवा अकरा अंश. सुतळीला बांधून थर्मामीटर तळाला सोडला, तर पाणी अठरा! नातवाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की हे म्हातारे अगदीच काही थापा मारीत नाही. दगड आणि पाणी दिवसाचे ऊन धरून ठेवतात आणि रात्री सावकाश खर्च करतात. खाली गाळ असला तर त्याहून बरे.

"पण बाकीचे बेडूक कुठे गेले?" त्याचा पुढचा प्रश्न.

पावसाळ्यात आमच्या परसात बोलता येत नाही इतका त्यांचा गलका असतो. वळवानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात हळदीसारखे पिवळे झालेले मोठे बेडूक डबक्यात उतरतात, गळ्याशी निळे फुगे फुगवतात आणि रात्रभर ओरडतात. भातखाचरांत लहान बेडकांची किरकिर चालते. त्यांचा सारा संसार पावसाच्या त्या दोनतीन महिन्यांत आटोपावा लागतो, कारण डबके आटले की पोरे संपली. दिवाळीपर्यंत ते सगळे पांगलेले असतात. कोणी बांधाच्या भेगेत, कोणी दगडाखाली. एका जातीच्या तर मागच्या पायांना खुरप्यासारखी गाठ असते. तो मागे सरत सरत स्वतःला जमिनीत पुरून घेतो. खरबरीत अंगाचा भेक आमच्या न्हाणीघरात, तांब्याच्या बंबामागे मुक्काम करतो. त्याला हाकलून सौभाग्यवती थकल्या आहेत.

आमच्या हौदातले मासे मात्र निराळ्या जातीचे. त्यांचे आईबाप वर्षभर पाण्यातच असतात. नुसते डोळे वर काढून तरंगतात आणि चाहूल लागली की पाण्यावरूनच टणाटण उड्या घेत पळतात. पाणी टिकले तर ते पावसाची वाट न पाहता अंडी घालतात. म्हणून त्यांची उशिराची पोरे थंडीत सापडतात. ती नापास झालेली नसतात. त्यांची शाळाच उशिरा भरलेली असते.

आपल्याकडे बेडकाचा खरा वैरी थंडी नव्हेच, तो कोरडेपणा. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. तेवढ्याने काही तळी गोठत नाहीत. पण फाल्गुन-चैत्रात ती आटतात. ज्या युक्तीने बेडूक थंडी काढतो तिनेच तो उन्हाळाही काढतो: खर्च कमी करायचा, ओल धरून राहायचे आणि थांबायचे. हे आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटले नव्हते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक सूक्त आहे, एकशे तिसरे. वर्षभर व्रत धरून मुकाट पडून राहणाऱ्या ब्राह्मणांची उपमा त्यात बेडकांना दिली आहे. पर्जन्य येतो आणि त्यांना वाचा फुटते. त्या ऋषीने बेडकांचा आवाज ऐकलाच, पण आवाजाआधीचे त्यांचे मौनही त्याला दिसले होते. मला ह्या सूक्तातली ती गोष्ट मोठी वाटते.

आणि पाणी टिकवणे ही तर आमच्या जुन्नरची जुनी रीत. इथल्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दान दिल्याचा लेख आहे. कुठला कोण परदेशी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटाच्या वाटेवरल्या ह्या गावी येतो आणि खडकात पाणी साठवून जातो! त्याने ते भिक्षूंसाठी केले. पण मी शिवनेरीवरची टाकी पाहतो तेव्हा पायऱ्यांपाशी बेडूक असतोच. दानाचा लाभ कोणाकोणाला होतो हे दाता कुठे लिहून ठेवतो?

माझा एक पुतण्या इंग्लंडात असतो. त्या दिवसांत त्याचा फोन आला तेव्हा नातवाने त्याला पहिला प्रश्न थंडीतल्या बेडकांचा विचारला. योगायोग असा, की त्याच्या घरामागच्या बागेत घंगाळापेक्षा थोडे मोठे एक तळे आहे आणि त्यातही बेडूकमासे होते. तिथे बेडूक वसंतात अंडी घालतात आणि उन्हाळ्यात पोरे बाहेर पडतात. पण गारव्यात किंवा सावलीत वाढलेली काही पोरे तशीच मागे राहतात आणि पुढच्या वसंतात बेडूक होतात. "काका, वर बर्फ धरतो, पण खाली ते जिवंत असतात," पुतण्या म्हणाला. त्याचे कारण पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते. त्याहून गार पाणी हलके होऊन वर येते आणि तेच गोठते. तळाशी चार अंशांचे पाणी शिल्लक राहते. पुरेसे खोल असलेल्या तळ्यावर बर्फ ही छपरासारखी बसते.

मारते ती थंडी नव्हे, गुदमर. पानगळीची पाने तळ्यात कुजत राहिली आणि वरून बर्फाचे झाकण बसले, की आतला प्राणवायू संपतो. म्हणून तिथले लोक थंडीआधी जास्तीची पाने काढतात. बर्फावर घाव मात्र घालीत नाहीत. त्या हादऱ्याने आतल्या जिवांना इजा होते. गरम पाण्याचे पातेले बर्फावर टेकवतात, म्हणजे अलगद एक भोक पडते. उत्तर अमेरिकेत तर एक रानबेडूक आहे, तो पाचोळ्यात पडल्या पडल्या चक्क गोठतो. अंगातल्या पाण्याचा दोनतृतीयांशाच्या आसपास बर्फ होतो, हृदय बंद पडते, श्वास थांबतो. यकृतातून सुटलेली साखर त्याच्या पेशींना सांभाळते. वसंतात तो वितळतो, हृदय आपोआप सुरू होते आणि तो उडी मारून निघून जातो. हे ऐकून नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याला कोणी हलवलं नाही म्हणून."

त्या रात्री मुले निजल्यावर मी सूनबाईंना आणखी एक गोष्ट सांगितली. बेडूकमाशाचा बेडूक होणे हे नुसते पाय फुटणे नव्हे. शेवाळ खरवडणारे तोंड जाऊन किडे धरणारे तोंड यायचे असते. लांबलचक वेटोळ्याचे आतडे आखूड व्हायचे असते. कल्ले जाऊन फुप्फुसे चालू व्हायची असतात. शेपूट गळत नाही, ते अंगातच जिरवायचे असते. ह्या सगळ्या धामधुमीत त्याला धड खाताही येत नाही. म्हणून अंगात पुरेशी शिदोरी साठल्याखेरीज आणि ऊब आल्याखेरीज तो त्या कामाला हात घालीत नाही. हा मुहूर्त गळ्यातल्या एका ग्रंथीच्या रसाने ठरतो. गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने १९१२ साली प्रयोग केला. त्याने बेडूकमाशांना जनावराच्या त्या ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले. मासे भराभर बदलले, पाय फुटले, शेपटे जिरली. पण वाढ व्हायच्या आतच बदललेले ते बेडूक माशीएवढाले झाले.

सूनबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाबा, पण सगळे पुढे गेले आणि हा राहिला तर? भीती वाटते हो."

ती भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. आई होणे म्हणजे रोज थोडे भिणे. आणि मुलगा म्हणजे काही बेडूकमासा नव्हे. त्याला शिकवावे लागते, मदत करावी लागते, अडचण कुठे आहे ते शोधावे लागते. मी एवढेच म्हणालो, की मदत करायची ती पाण्याला करू. पाणी स्वच्छ असू दे, त्यात हवा असू दे. पोराला चुलीजवळ नको नेऊ या.

हौदाचा प्रश्न अजून सुटायचा होता. बेडकांसाठी दिवाळीला शेवाळलेला हौद दारी ठेवायचा, हे आमच्या गृहमंत्र्यांना मान्य होईना. अखेर तह झाला. पाणी निम्मे काढायचे, सगळे नाही. पाने हातांनी वेचायची, पण तळचा गाळ खरवडायचा नाही. साबण आणि ब्लीचिंग पावडर हौदाच्या आसपास फिरकणार नाही. नवे पाणी विहिरीचे, सावकाश घालायचे. एका कडेला फळी तिरकी लावायची, म्हणजे पाय फुटलेल्याला बाहेर येता येईल. बाहेरच्या बाजूने मात्र हौद घासूनपुसून, गेरू लावून, रांगोळी काढून दिला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याच्या काठावर चार पणत्या लागल्या. पाण्यात त्यांची प्रतिबिंबे पडली आणि त्या उजेडाखालून एक शेपूट सावकाश हलत गेले. सौभाग्यवतींनी ते पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

ती फळी मात्र दूरवर गेली. द्राक्षवाल्यांचा थर्मामीटर परत करायला गेलो तेव्हा नातू त्यांच्या शेततळ्याच्या काठी उभा राहिला. आमच्या जुन्नर-आंबेगावात आता अशी शेततळी गावोगाव आहेत. पाणी मुरू नये म्हणून आत काळे प्लॅस्टिक अंथरलेले असते. पाण्याची ती मोठीच सोय. तिच्यावाचून बागा जगणार नाहीत. पण त्या गुळगुळीत उतारावर चिखल नाही, गवत नाही, धरायला काही नाही. आत पडलेला जीव बाहेर येऊ शकत नाही. आम्ही पाहिले तेव्हा दोन बेडूक काठाशी धडपडत होते, चढत होते आणि घसरत होते. नातू म्हणाला, "ह्यांना फळी नाही."

बागायतदार हसले. म्हणाले, "गुरुजी, बेडूक काय उपयोगाचा?" मी त्यांना आठवण दिली, की एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या, शेतातला किडे खाणारा गडी परदेशी धाडायचा आणि किडे मारायला औषध विकत घ्यायचे, असा तो व्यवहार होता. १९८७ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. ते विचारात पडले. आठ दिवसांनी सहज गेलो तर तळ्याच्या चारही कोपऱ्यांवर जाड काथ्याचे दोर सोडलेले दिसले, ठिकठिकाणी गाठी मारून. "माणूस पडला तरी उपयोगी," ते म्हणाले. बेडकासाठी केले असे कबूल करायला त्यांनाही संकोच वाटला असावा.

सुटी संपली, नातू पुण्याला गेला. जाताना हौदाचा कारभार माझ्यावर सोपवून गेला. रोज रात्री फोन येई आणि पलीकडून एकच प्रश्न: "तळ्यात की मळ्यात?" तो खेळ सर्वांना ठाऊक आहे. रेघेच्या अलीकडे तळे, पलीकडे मळा. सांगेल तशी उडी मारायची, चुकला तो बाद. मी उत्तर देई, "तळ्यात." मार्गशीर्ष गेला, पौष गेला. पहाटे मी टॉर्च घेऊन पाही. सगळे तळाशी, गाळावर पोट टेकून, हललेच तर शेपटाच्या टोकाने. रोज तेच उत्तर द्यायचे. मला वाटे, पोर कंटाळेल. ते कंटाळले नाही.

सगळे जगले असे मात्र नाही, आणि मी ते त्याच्यापासून लपवले नाही. चतुराची अळी पाण्यात असते, ती बेडूकमासे धरून खाते. एक खंड्या दोनतीन सकाळी येऊन गेला. एकदा दिवड दिसले. पंधरावीसांतले सातआठ उरले. थंडीने एकही गेल्याचे मला दिसले नाही.

माघ लागला, दुपारी ऊन चटका देऊ लागले, आणि ते पुन्हा शेवाळ खरवडू लागले. महाशिवरात्रीच्या आसपास एकाला मागचे पाय दिसले, सुताच्या धाग्यासारखे. मग पुढचे. शेपूट रोज थोडे थोडे आखूड होत गेले. आणि एका सकाळी तिरक्या फळीवर, पाण्याच्या रेघेपासून चार बोटे वर, तो बसलेला होता. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहानच, पण अगदी पुरता बेडूक. शेपटाचा एवढासा खुंट अजून बाकी. त्याचा गळा भात्यासारखा हलत होता. हवा घेत होता.

रात्रीची वाट न पाहता मी फोन केला. शाळेत जायची घाई चालली होती. फोन सूनबाईंनी उचलला आणि काही न विचारता त्याच्या हाती दिला.

"आजोबा, तळ्यात की मळ्यात?"

"मळ्यात," मी म्हणालो.

पलीकडे नुसता आरडाओरडा झाला.

नातवाचे वाचन अजून अडखळतच चालते. दोनांतली एक शिकवणी बंद झाली आहे. त्या वेळात आई त्याच्याजवळ बसते आणि तो लावील तितकेच वाचू देते. परवा त्याचे पत्र आले. पाच ओळी, दोन खाडाखोडी. यंदाच्या दिवाळीला हौद कोणी उपसू नये, मी येतो आहे, असे त्यात लिहिले आहे. सौभाग्यवतींनी पत्र दोनदा वाचले आणि खराटा मुकाट्याने जागेवर ठेवला.